पांढरं बांधलं होतं

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत होती. उखाण्यात घ्यायचं, एरवी नुसतं 'हे' आणि 'ते'. पण ही गोष्ट हे-ते करत सांगायला बसले तर वाचणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होईल, तेव्हा सरळ सांगते. माझ्या नवऱ्याचं नाव श्रीपत. समुद्रातल्या एका खडकावरच्या दीपगृहात ते बावीस वर्षं खलाशी होते. दिवा पुसायचा, दिवा लावायचा, आणि दिवसातून चार वेळा आभाळाकडं बघून ढग, वारा, लाटा वहीत उतरवायच्या. मी पुतळा, त्यांची बायको. आमची वस्ती कर्जतच्या पुढं, घाट सुरू होतो तिथं, रुळांच्या खालच्या अंगाला. पुण्याकडून उतरणारी गाडी ठाकुरवाडीला थांबते, ब्रेक तपासते आणि मग आमच्या डोक्यावरून कर्जतला जाते.

सहासष्ट सालच्या थंडीत आमच्या वस्तीनं विटा थापल्या. विहार बांधायचा होता. दीक्षा घेऊन दहा वर्षं होत आली तरी आमची वंदना कमळाकरच्या ओटीवर व्हायची, आणि तिथं निम्मी माणसं अंगणात उभी असायची. ओहोळाकाठच्या शेताच्या मालकानं माती खणू दिली होती, पण एकाच हंगामापुरती. पुढच्या वर्षी तो तिथं बांध घालणार होता. म्हणजे विटा व्हायच्या तर त्याच थंडीत, नाहीतर मग विहाराचं नाव काढायचं नाही. दोन महिने दिवसाचं काम आटपून आम्ही बायकांनी माती तुडवली आणि पुरुषांनी साचे मारले. पस्तीस हजार विटा झाल्या. माझ्या टाचांच्या भेगा पुढचे दोन पावसाळे भरल्या नाहीत.

कमळाकर माझा चुलत दीर. शिळफाट्याकडच्या वीटभट्ट्यांवर त्यानं उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळं आमची भट्टी त्यानंच रचली. मागून पुढं रचत आणली, खाली लाकडं, मधे भाताचं तूस, बाहेरून चिखलाचं लिंपण. पुढच्या अंगाला आग घालायची चार तोंडं ठेवली. शेवटच्या पाच हजार विटा त्या तोंडांच्या वर आल्या, आणि त्या अजून ओल्या होत्या. ओली वीट आगीत गेली की फुटते. म्हणून कमळाकर म्हणाला, पुढची बाजू उघडी ठेवू, पाच दिवस ऊन खाऊ दे, मग पेटवू.

दुसऱ्याच दिवशी ऊन गेलं.

पनवेलच्या बाजूनं एक करडी, सपाट चादर आली आणि घाटाला टेकून थांबली. आधी ढाकच्या डोंगराचं डोकं गेलं, मग खांदे गेले. वारा पडला. संध्याकाळी सगळी वस्ती भट्टीभोवती गोळा झाली होती. पक्क्या होईपर्यंत विटा म्हणजे चिखलच. एक सर आली की दोन महिने ओहोळात वाहून जाणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

कमळाकरनं श्रीपतना विचारलं, "दादा, तुमी समुद्रावर जन्म काडला. ह्यो पडंल काय?"

ह्यांना कुणी विचारलेलं फार आवडायचं. खडकावर बावीस वर्षं विचारायला होतं कोण? दोन साथीदार, तेही आपापल्या पाळीत झोपलेले. ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि म्हणाले, "नाय पडायचा."

"कशावरून?"

"थंडीत उत्तरेकडनं गार, कोरडा वारा समुद्रावर येतो. समुद्र मातर कोमट. कोमट पान्यावर गार वारा आला की वाफ धरते आनि वर जाते. पन थोडीच. थंडीत वर हवेचं झाकन बसलेलं असतं. ढग त्या झाकनाला डोकं आपटतो नि आडवा पसरतो. त्याला उंच व्हायाची सोय नाय. उंच झाल्याबिगर पाऊस पडत नाय. ह्ये समुद्राचं पांघरून हाय. बावीस थंड्या मी ह्योच ढग वहीत लिवला. वारा फिरला की तो कदी कदी जमिनीवर सरकतो. चार दीस बसंल नि जाईल."

"आनि झाकन उडालं तर?" हे चंद्रानं विचारलं. चंद्राबाई म्हणजे कमळाकरची बायको, माझी जाऊ. लोक हसले, पण हे हसले नाहीत.

"उडतं. तिकडं वर, पंजाबकडं थंडीत पाऊस पडतो. तो आननारी वाऱ्याची खोलगट लाट पश्चिमेकडनं जाते. ती लय खाली आपल्याकडं उतरली तर झाकन उचलतं, मग ढग वाढतो. पन त्याची वर्दी आधी मिळते, चंद्रा. पार उंचावर पिसं दिसतात. कोंबडीच्या पिसावानी पांढरी, पश्चिमेकडनं येनारी. पिसं नाय तर भ्याव नाय. माझा शब्द हाय."

शब्द द्यायला काही लागत नाही, म्हणून माणूस तो देऊन बसतो. कमळाकरपुढं त्या वेळी दोन वाटा होत्या. तेव्हाच पेटवली असती तर पुढच्या पाच हजार विटा फुटल्या असत्या आणि बाकीच्या वाचल्या असत्या. थांबलं तर सगळ्याच वाचतील, नाहीतर सगळ्याच जातील. ह्यांच्या शब्दावर तो थांबला.

दुसरा दिवस तसाच गेला. चादर आणखी खाली आली. पुढच्या विटांना हात लावला की बोटाला माती लागायची. तिसऱ्या रात्री मला इतकं उकडलं की मी गोधडी पायानं ढकलून दिली. माघात! सकाळी मिठाच्या मडक्यात हात घातला तर मीठ पाणावलेलं. मी मडकं तसंच उचलून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"माघात मीठ पानावतं का? ह्ये आखाडात व्हतं."

"चुलीजवळ ठेवलं असंल."

"बारा वर्सं तिथंच ठेवते मी."

"पुतळा, मिठावरनं आभाळ कळत नसतं."

माझा स्वभाव पहिल्यापासून एक घाव दोन तुकडे असा. मी म्हटलं, "मग पिसावरनं कळतं ना? तुमी म्हनलाव पिसं दिसतात. आनि मधी ही चादर. चादरीखाली बसून पिसं दिसनार कुनाला?"

ह्यांनी मडकं माझ्याकडं परत सरकवलं.  मी मडकं घेऊन तडक कमळाकरच्या दारात गेले आणि त्याच्या बायकोचंही मीठ बघितलं. तेही पाणावलेलं होतं. मग कमळाकर आमच्याकडं आला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या शब्दावर आमी हावच. पन तुमीच म्हनता, ह्यो ढग पातळ. मग घाटावर कड्यावर गेलात तर तो तुमच्या खाली येईल. वर जाऊन बगा ना एकदा. पिसं हायेत का नायेत."

ह्यांना जायचं नव्हतं. बघायला जाणं म्हणजे आपल्याच शब्दावर संशय घेणं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण कमळाकरला नाही म्हणता येईना.

बेत असा ठरला. श्रीपतनी पहाटे निघायचं, ठाकुरवाडीवरून कड्यावर चढायचं, उजाडताना आभाळ बघायचं आणि नऊच्या मालगाडीला खाली ठाकुरवाडीत यायचं. तिथून चालत वस्तीवर यायला त्यांना साडेअकरा होणार. कमळाकर म्हणाला, तेवढा वेळ नाही. आगीला वर चढायला अर्धा दिवस लागतो, पेटवायची तर दहाच्या आत, नाहीतर दुपारनंतर सर आली की ती तोंडातच विझेल. म्हणून निरोप गाडीनं पाठवायचा. मालगाडी ब्रेक तपासायला उभी राहिली की शेवटच्या डब्याच्या दांडीला फडकं बांधायचं. पांढरं म्हणजे थांबा. निळं म्हणजे पेटवा.

निळं फडकं त्यांच्या दीपगृहाच्या जुन्या सदऱ्याच्या बाहीचं निघालं. पांढरं म्हणावं असं घरात एकच होतं, मी दीक्षेच्या दिवशी नेसलेलं लुगडं. त्याचा हातभर तुकडा ह्यांनी विळीवर कापला तेव्हा मी तोंड फिरवलं.

"परत आना," मी म्हटलं. "बांधलंत तरी आनि नाय बांधलंत तरी."

"आनतो गं," ते म्हणाले आणि कोंबडा आरवायच्या आधी निघून गेले.

सकाळी आठपासून आम्ही सगळे रुळाकडेला उभे होतो. ढग इतका खाली आला होता की रूळ दहा-बारा खांबांपुढं पुसून गेले होते. लिंबाच्या पानांवरून पाणी गळत होतं, तेही पश्चिमेच्या बाजूनंच. चंद्रानं भट्टीजवळ तीन दगडांची चूल मांडून चहा ठेवला होता, पण कुणी घेतला नाही. कमळाकर भट्टीपासून रुळांपर्यंत आणि रुळांपासून भट्टीपर्यंत चकरा मारत होता.

सव्वानऊला वर घाटात शिट्टी झाली. मग चाकांचा तो करकरता आवाज, ब्रेक लावून उतरणाऱ्या गाडीचा. इंजिन ढगातून बाहेर आलं आणि पुढं गेलं. डबे मोजायचं मी मनाशी ठरवलं होतं, पण मला एकही मोजता आला नाही. शेवटचा डबा आला. गार्ड दारात उभा होता. तीस-चाळीस माणसं श्वास रोखून आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला.

दांडीला काहीच नव्हतं. पांढरं नाही, निळं नाही.

गाडी गेली तरी आम्ही तसेच उभे. मग कमळाकर म्हणाला, "फडकं नाय म्हंजी नवं काय नाय. दादांचा शब्द तसाच हाय. थांबायचं."

"आनि ते गाडीला पोचलेच नसले तर?" मी विचारलं.

"का नाय पोचनार? पायाखालची वाट हाय."

मी ह्यांना ओळखत होते. आभाळ स्वच्छ असतं तर हे उड्या मारत उतरले असते. पांढरं फडकं एक सोडून तीन डब्यांना बांधलं असतं. फडकंच नाही, याचा अर्थ मला एकच दिसला. ह्यांना पिसं दिसली असणार, आणि निळं बांधायला ह्यांचा हात धजावला नसणार. निळं बांधायचं म्हणजे स्वतःचा शब्द स्वतःच्या हातानं दांडीला टांगायचा. असा माणूस दोन फडकी हातात घेऊन उभा राहतो आणि गाडी निघून जाते. मला ते डोळ्यांपुढं दिसलं.

"पेटवा," मी म्हटलं.

"वयनी, तुमी गप ऱ्हावा."

"कमळाकर भावजी, पेटवा. मीठ पानावलंय, रात्री उकडलंय, वारा बगा कुटला हाय. दहा वाजायला आले."

"पाच हजार विटा फुटतील. तुमी भरून देनार हाव?"

मी भट्टीकडं वळले. चंद्राच्या चुलीतलं जळतं लाकूड ओढलं, दहा पावलं चालले आणि भट्टीच्या पहिल्या तोंडात खुपसलं. तूस सुकं होतं, त्यानं लगेच धरलं. कमळाकरनं माझा दंड इतक्या जोरात ओढला की बांगडी फुटली. पण एक तोंड पेटलं की बाकीची पेटवावीच लागतात, नाहीतर भट्टी एका अंगानं बसते. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यानं शिव्या देत दुसरं तोंड पेटवलं, मग तिसरं आणि चौथं. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

साडेदहाच्या सुमाराला पहिली वीट फुटली. फट्. मग दुसरी. मडक्यात चणे फुटावेत तसा आवाज, फक्त मोठा. प्रत्येक आवाजाला सगळी माणसं माझ्याकडं बघायची.

चंद्रा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पुतळे, टाचा काय तुज्या एकटीच्याच फुटल्या व्हत्या?"



श्रीपत आले ते धापा टाकत. वाटेतच त्यांना धुराचा वास आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात निळी बाही. फक्त निळी.

"कुनी पेटवली?"

"मी," मी म्हटलं.

"अगं, पांढरं बांधलं व्हतं मी! शेवटच्या दांडीला, दोन गाठी मारून! वरून बगितला ढग, ताटासारका सपाट. झाकन जागच्या जागी. पांढरं बांधलं व्हतं!"

"गाडीला काय नव्हतं," कमळाकर म्हणाला.

"मग बोगद्यात सुटलं असंल. बांधलं व्हतं मी."

फट्. आणखी एक वीट गेली.

मी भट्टीच्या आडोशाला जाऊन दगडावर बसले.  मी समजत होते की हे निळं बांधायला घाबरले. हे तर पांढरं बांधून मोकळे झाले होते. मी माझ्याच डोक्यानं एक गोष्ट रचली आणि वस्तीच्या पाच हजार विटा तिच्यात जाळल्या. आता आग विझवता येत नव्हती. अर्धवट भाजलेली वीट कच्च्या विटेहून वाईट, ती ना मातीत जाते ना भिंतीत.

आणि मग माझ्या मनात जे आलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, पाऊस यावा. तीन रात्री ज्याच्या धास्तीनं मी झोपले नाही, तोच आता यावा आणि मला सोडवावं. पण तो आला तर ह्यांचा शब्द सगळ्या वस्तीसमोर चिखलात जाणार. हे समुद्रावरून आले तेव्हापासून ह्यांच्याजवळ त्या शब्दावाचून होतं काय? शेती येत नव्हती, विटा थापताना साचा वाकडा मारायचे. आभाळ तेवढं येत होतं. इकडं आड आणि तिकडं विहीर, अशी मी तिथं बसून होते.

दुपारी एकला ढग उजळला. खरंच उजळला. ढाकच्या बाजूला पिवळसर झालं आणि थोडा वेळ माझ्या हाताची सावली जमिनीवर पडली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "झालं! ऊन आलं." चंद्रा उठली आणि पदर झटकून घरी चालती झाली. श्रीपतनी टॉवेल खांद्यावर नीट केला. ते मी पाहिलं, आणि मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तीनला ऊन गेलं. पानं उलटी झाली आणि वारा दक्षिणेकडून सुटला. ढगाचा करडा रंग जाऊन निळसर काळा झाला. चादर सपाट राहिली नाही, तिच्यात गाठोडी दिसायला लागली, एकावर एक चढणारी. ओहोळापलीकडच्या बगळ्यांनी एकदम उठून वस्तीवरून चक्कर मारली. चंद्रा दारातून परत बाहेर आली.

साडेतीनला गडगडलं. मग घाटावरून आवाज येऊ लागला, झाडांवरून पाणी चालत आल्याचा.

"पेंढा!" कमळाकर ओरडला. "पत्रे आना! वरचं लिंपन धरा!"

त्यानंतर कोण कुठं होतं ते मला सांगता येणार नाही. पहिली सर आली तेव्हा मी आणि चंद्रा भट्टीच्या मागच्या शिडीवर होतो, खालून येणारा चिखल ओंजळीनं वर थापत होतो. पुरुषांनी तोंडांपुढं पत्रे उभे केले. पाणी भट्टीवर पडत होतं आणि वाफ होऊन वर जात होतं, एवढी ती आतून तापली होती. श्रीपत एकटे पश्चिमेच्या तोंडापुढं पत्रा पाठीवर घेऊन बसले. पाणी त्यांच्या पत्र्यावर ताशासारखं वाजत होतं. आग मागं सरकली, एकदा पार लाल ठिपक्याएवढी झाली, आणि कमळाकरनं तूस टाकत टाकत तिला परत जागवली.

भट्टीत न मावलेल्या तीन-चारशे कच्च्या विटा बाजूला ओळीनं लावून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. तासाभरानं पाऊस थांबला तेव्हा तिथं विटा नव्हत्याच. तांबूस चिखलाचा एक लांब बांध होता आणि त्यातून पाणी ओहोळाकडं चाललं होतं. सगळ्यांनी तो बघितला, मग धूर सोडणाऱ्या भट्टीकडं बघितलं. पस्तीस हजार विटांचा तसाच बांध झाला असता.

चंद्रानं चिखलाचे हात माझ्या गळ्यात टाकले आणि ती रडायला लागली. मीही रडले. आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू.

श्रीपत पत्रा खाली ठेवून उभे राहिले. कुणीच त्यांच्याकडं सरळ बघत नव्हतं. कमळाकर मनानं फार मोठा माणूस. त्यानं जवळ जाऊन ह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"दादा, तुमचा काय दोष नाय त्यात. वरून सपाट दिसलं तर कुनीबी पांढरंच बांधलं असतं. पिसंच नव्हती तर तुमी तरी काय करनार?"

तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. एवढं मोठं दार कमळाकरनं उघडून दिलं होतं, नुसतं मान डोलवून आत जायचं होतं. मीसुद्धा मनात म्हणत होते, हो म्हणा, आणि घरी चला.

"व्हती," श्रीपत म्हणाले.

"काय?"

"पिसं व्हती. उजाडताना दिसली मला. पश्चिमेकडनं, पार डोक्यावर आलेली." त्यांचा आवाज बसला होता, पण ते थांबले नाहीत. "मी खाली बगितलं, ढग सपाट. वर बगितलं, पिसं. मनाला सांगितलं, विरळ हायेत. सांगितलं, वरच्या वर जातील. निळं फडकं हातात घेतलं व्हतं मी. पन तुमच्यापुढं शब्द देऊन बसलो व्हतो ना, कमळाकर. मग पांढरं बांधलं."

 भट्टीत एक वीट फुटली. मला वाटलं होतं की निळं बांधायला ह्यांचा हात धजावला नसेल. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं. पण तोच हात पांढऱ्याच्या दोन गाठी मारील, हे मला ओळखता आलं नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात मी ह्यांच्यावर इतकी चिडले नव्हते, आणि इतका जीवही कधी तुटला नव्हता.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. सकाळी उठले तर हे घरात नव्हते. दिवस मावळताना परत आले, पाय सोलवटलेले, आणि माझ्यासमोर हात पुढं केला. बोगद्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीत ते फडकं अडकलं होतं. ब्रेकच्या भुकटीनं काळं झालेलं, एक गाठ अजून तशीच.

"परत आनायला सांगितलं व्हतंस," ते म्हणाले.

तीनदा धुतलं, पण काळेपणा गेला नाही. मी ते लुगड्याला होतं तिथंच शिवून टाकलं.

विहार झाला. वैशाखातल्या पौर्णिमेला, भिंती अजून गिलाव्यावाचून होत्या तेव्हा, आम्ही आत बसून पहिली वंदना घेतली. फुटलेल्या विटांचे तुकडे श्रीपतनी एकट्यानं वेचून दाराच्या पायरीखाली भरले होते. पुढं त्याच विहारात प्रौढांची शाळा भरायला लागली. मी लिहायला तिथंच शिकले.

पहिल्या वंदनेच्या त्या दिवशी मी ते लुगडं नेसले होते. लोधिवलीची पाहुणी मंडळी आली होती. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं माझ्या पदराला हात लावून विचारलं, "पोरी, पांढऱ्या लुगड्याला ह्यो काळा पट्टा कसला गं?"

मी काही तरी थाप मारणार होते. पण श्रीपत मागच्या रांगेतून उठून पुढं आले.

"तो माझा शब्द हाय, आये," ते म्हणाले, आणि तिच्याशेजारी मांडी घालून तिला सगळी हकिकत सांगायला लागले. सुरुवात त्यांनी पिसांपासून केली.